पडवीचे नवे दार आणि घरातील ओल

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या एका मळ्यात दिवाळीपूर्वी राहत्या घराची डागडुजी झाली. कौले उतरवून स्लॅब घालण्यात आला, भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा झाला आणि पडवीकडे उघडणारे सागवानी फळ्यांचे जुने दुपाखी दार काढून त्या जागी आठ फूट रुंदीचे, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचे, काचेचे सरकते दार बसविण्यात आले. माजघरात बसल्या जागेवरून खळे आणि द्राक्षाचा मळा दिसू लागला. घरधन्याने मोठ्या हौसेने येणाऱ्या-जाणाऱ्याला हे दार दाखविले. पुढील खरिपासाठी राखलेली सोयाबीनच्या बियाण्याची पोतीही त्याने याच दारालगतच्या भिंतीशी लावली. येथे उजेड आहे, पोती नजरेसमोर राहतील, असा त्याचा हिशेब होता.

पौषात थंडी पडली आणि दाराचे रूप पालटले. पहाटे उठून पाहावे तो काच दुधाने माखल्यासारखी पांढरी झालेली असे. त्यावर बोटाने रेघ ओढली की पाणी ओघळे. ते खालच्या रुळात साचे आणि रूळ भरला की फरशीवर उतरे. पंधरवड्यात खालच्या दोन थरांची पोती तळाशी काळपट पडली व खोलीत कुबट वास भरला. दार बसविणाऱ्या कारागिरास दोन वेळा बोलाविण्यात आले. दोन्ही वेळा त्याने दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरले. पाणी कमी होण्याऐवजी वाढले. आपण फसलो, असे घरधन्याने ठरवून टाकले.

गावचा विस्तार कार्यकर्ता बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याच्या निमित्ताने तेथे आला, तेव्हा त्याच्यासमोर ही तक्रार मांडली गेली. त्याने एकच प्रश्न विचारला, "आबा, गेल्या महिनाभरात पाऊस पडला का?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग दार गळायला बाहेर पाणी आहे कुठे?"

या प्रश्नाने तक्रारीची दिशाच बदलली. काचेवरील पाणी बाहेरून आत आलेले नव्हते, ते मुळात घरातच होते.

हवेतील पाणी काचेवर कसे येते

हवेमध्ये डोळ्यांना न दिसणारी पाण्याची वाफ नेहमीच असते. हवा जितकी उबदार, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना अवघी साडेनऊ ग्रॅम वाफ राहू शकते. उबदार हवा थंड वस्तूला टेकली की तिच्यातील न मावणारी वाफ त्या वस्तूवर पाण्याच्या रूपाने उतरते. गवतावर पडणारे दव आणि थंड पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याला बाहेरून सुटणारा घाम ही याचीच रूपे होत.

निफाड परिसरात हिवाळ्याच्या रात्री पारा किती उतरतो हे द्राक्ष बागायतदारास सांगावयास नको. तेथील गहू संशोधन केंद्रावर काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली तापमान नोंदले गेले आहे. बाहेर ७ अंश आणि बंद खोलीत २० अंश असले, तर एकेरी काचेचा आतील पृष्ठभाग सुमारे १० अंशांवर असतो. रात्री जेवणवेळी खोलीतील हवा २२ अंशांची व बऱ्यापैकी दमट असेल, तर तिच्यातील वाफ १७ अंशांच्या सुमारासच पाणी होऊ लागते. मग १० अंशांच्या काचेवर ओघळ सुटावेत यात नवल नाही. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे चौकटीचीही तीच गत होते. जुन्या सागवानी फळ्या इतक्या थंड होत नसत. शिवाय त्या दाराच्या फटींतून व कौलांच्या सांध्यांतून घरातील वाफ रात्रभर बाहेर जाई. त्या फटींबद्दल घरातील वडील माणसे वर्षानुवर्षे कुरकुर करीत, पण त्याच फटी घर कोरडे ठेवीत होत्या. नव्या दाराने आणि स्लॅबने त्या सर्व एकदम बुजल्या. घरात पाण्याची वाफ पूर्वीही होती, तिला बाहेर पडण्याची वाट मात्र राहिली नाही.

तेव्हा दाराला दोष देण्यापूर्वी वाफ कोठून येते ते शोधले पाहिजे. यासाठी एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ५१ घनमीटर हवा मावते. वर सांगितलेल्या दमटपणाच्या या सगळ्या हवेतून १० अंशांना सुटू शकणारे पाणी फार तर पाव लिटर भरेल. म्हणून पहाटे काच व रूळ कोरड्या फडक्याने पुसून ते फडके मापात पिळावे. पाणी पाव लिटरच्या आत असेल तर चिंतेचे कारण थोडे. रोज अर्धा-पाऊण लिटर निघत असेल तर खोलीत कोठे तरी रात्रभर वाफ तयार होत आहे, असे निश्चित समजावे. वर सांगितलेल्या घरात पहिल्या दिवशी फडके पिळल्यावर दूध मोजण्याचे लिटरचे माप जवळजवळ भरले होते.

वाफेचे उगम

झोपलेला प्रौढ माणूस श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघे जण आठ तास झोपले तर सव्वा लिटर पाणी होते. गॅसची शेगडी पेटली की ज्वालेतूनही वाफ निघते. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅस पूर्ण जळाल्यावर सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि भात-वरणाची वाफ त्याशिवाय. रॉकेलच्या एका लिटरपासूनही एक लिटरपेक्षा किंचित अधिकच पाणी निर्माण होते. घरात दोरीवर वाळत घातलेले धुणे, आंघोळीच्या मोरीचे उघडे दार, भिंतीपलीकडे बांधलेली जनावरे, या सर्वांची त्यात भर पडते.

नवा गिलावा हा असाच एक उगम असून तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सिमेंटमध्ये कालविलेल्या पाण्याचा काही भाग सिमेंटशी कायमचा जखडला जातो, उरलेले पाणी महिनोन् महिने हळूहळू उडत राहते. त्यावर वरून पुन्हा पाणी मारलेले असते ते निराळेच. दिवाळीत गिलावा करून पौषात दार बंद केलेल्या खोलीत त्या वर्षी दव अधिक पडणार आणि पुढल्या वर्षी ते आपोआप कमी होणार. गिलावा वाळण्याआधीच भिंतीला तैलरंग देण्याची घाई करू नये. रंगाखाली अडकलेले पाणी पुढे पापुद्रे काढते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उगम म्हणजे खुद्द धान्य. दहा क्विंटल सोयाबीन १४ टक्के ओलाव्यावर घरात रचले आणि ते तेथेच वाळून १२ टक्क्यांवर आले, तर त्यातून सुमारे २३ लिटर पाणी खोलीच्या हवेत जाते. हेच पाणी पहाटे काचेवर उतरते, रुळातून फरशीवर येते आणि पोत्यांच्या तळाला पुन्हा शोषले जाते. वरची पोती वाळतात व खालची भिजतात. त्या घरात नेमके हेच घडत होते. मळणी घाईत झाली होती, पोती पुरेशी न वाळविता भरली होती, आणि दाराच्या निमित्ताने ते उघडकीस आले. एरवी हा ओलावा कौलांतून निघून गेला असता व बियाणे थोडक्यात बचावले असते.

तीन प्रकारचे पाणी वेगळे ओळखावे

दाराजवळ ओल दिसली की ती दवाची, पावसाची की जमिनीची, हे आधी ठरवावे, कारण तिन्हींचे उपाय निराळे आहेत व एकाचा उपाय दुसऱ्यास कधी कधी अपायकारक ठरतो.

दवाचे पाणी थंड, निरभ्र रात्रीनंतर दिसते, काचेच्या आतल्या बाजूस दिसते, आणि उन्हे वर आली की नाहीसे होते. ते पुसल्यावर काच स्वच्छ असते. पावसाचे पाणी पाऊस झाल्यावरच येते व बहुधा चौकटीच्या एखाद्या कोपऱ्यापासून किंवा खालच्या रुळापासून पसरते. शंका असल्यास कोरड्या दिवशी बाहेरून तांब्याने पाणी ओतून पाहावे. सुरुवात उंबऱ्यापासून करावी आणि दर दहा मिनिटांनी वीतभर वर जावे. आत ज्या वेळी पाणी दिसेल त्या वेळी ओतण्याची जी जागा असेल, तीच फट. एकदम वरून घागर ओतली तर काहीच कळत नाही.

जमिनीची ओल वर्षभर राहते. भिंतीच्या पायथ्याशी हात-दीड हात उंचीपर्यंत डाग दिसतो आणि त्यावर पांढरा लोणा फुटतो. दवाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे लोणा दिसला की हे पाणी जमिनीतून चढले आहे असे समजण्यास हरकत नाही. फरशीबद्दल निर्णय करावयाचा असल्यास फूटभर चौरस पॉलिथिनचा तुकडा कोरड्या फरशीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी तुकड्याच्या खालची बाजू ओली असेल तर पाणी जमिनीचे, वरची बाजू ओली असेल तर हवेचे. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही दुखणी एकाच घरात आहेत. त्या घरात तसेच निघाले. दार रुंद करताना जुन्या दगडमातीच्या जोत्याचा भाग फोडून तेथे काँक्रीट भरले होते, मात्र ओल अडविणारा थर घातलाच नव्हता. काळ्या जमिनीत पावसाळ्याचे पाणी दीर्घकाळ टिकते, आणि ते अशा उघड्या वाटेने वर चढते.

दुहेरी काचेची दारे आता तालुक्याच्या गावी मिळतात. त्यांच्या दोन काचांच्या मधोमध धुके दिसले तर जोडावरील बंदिस्तपणा गेला असे समजावे. ते पुसता येत नाही, काचच बदलावी लागते. शेतघरास या खर्चाची गरज क्वचितच असते.

सिलिकॉनने केलेला घोटाळा

सरकत्या दाराच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूस लहान आडव्या चिरा ठेवलेल्या असतात. रुळात आलेले पाणी, मग ते पावसाचे असो की दवाचे, या चिरांतून पडवीत निघून जावे अशी योजना असते. गवंड्याचे सिमेंट, खळ्यावरील भुसकट व धूळ यांनी त्या बुजतात. वरील घरात कारागिराने फट समजून त्यांतच सिलिकॉन भरले होते, म्हणून रूळ पन्हाळीसारखा भरून पाणी आत वाहू लागले. चिरा पातळ लोखंडी पातीने मोकळ्या करताच फरशीवरचे निम्मे पाणी त्याच दिवशी थांबले. सिलिकॉन चौकट आणि भिंत यांच्या बाहेरील सांध्यातच भरावे. रुळाच्या चिरांना ते कधीही लागू देऊ नये. पडवीची फरशी दाराकडून अंगणाकडे उतरती असावी व उंबऱ्याहून खाली असावी. नव्या फरशा जुन्या फरशांवरच बसविल्याने ही उंची अनेक ठिकाणी नाहीशी झालेली आढळते, आणि पावसाळ्यात मग पडवीचे पाणी घरात येते.

वाफेला वाट

उपायांत पहिले स्थान उगम कमी करण्यास द्यावे. धुणे बाहेर वाळवावे. स्वयंपाकाच्या वेळी चुलीवरील झरोका उघडा ठेवून माजघराचे दार लोटून घ्यावे. दाराच्या वरच्या भागात व समोरच्या भिंतीत, छताजवळ, एकेक जाळीदार झरोका ठेवावा. जाळीचे भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, नाहीतर वाफेच्या वाटेने उंदीर आत येतील.

थंडीत दार उघडले तर घर आणखी ओले होईल, अशी समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. पहाटेची बाहेरची हवा धुक्याने भरलेली दिसली तरी ७ अंशांवर तिच्या प्रत्येक घनमीटरात आठ ग्रॅमपेक्षा कमीच वाफ असते, तर खोलीतील हवेत त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून उठल्याबरोबर समोरासमोरची दारे दहा-पंधरा मिनिटे उघडली तर वाफ बाहेर जाते. दुपारी उन्हाच्या वेळी तासभर उघडी ठेवावीत. पावसाळ्यात मात्र हा नियम उलटा होतो. झडीच्या दिवसांत बाहेरची हवाच वाफेने ओतप्रोत असते, तेव्हा बियाण्याची खोली बंद ठेवून उघाडीच्या दिवशी दुपारीच उघडावी.

काचेवर जाड पडदा ओढल्याने दव थांबत नाही. घरातील ऊब काचेपर्यंत न पोहोचल्याने काच अधिकच थंड होते व पडद्याआड पाणी वाढते. पडदा वापरावयाचाच असेल तर वर व खाली वीतभर मोकळा ठेवावा. आणि कितीही थंडी असली तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावतात. नव्या बंदिस्त दारांच्या घरात हा धोका जुन्या कौलारू घरापेक्षा पुष्कळ अधिक आहे. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक घरी आवर्जून सांगावी.

जोत्याच्या ओलीसाठी भिंतीला बाहेरून लागलेली माती खाली उतरवावी, पन्हाळीचे पाणी दूर न्यावे आणि दारालगतचे बिनथराचे काँक्रीट उन्हाळ्यात काढून ओलरोधक थरासह नव्याने घालावे. वरून रंग देणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

बियाण्याचे काय

सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते व अंकुर सालीला लागूनच असतो. ओल, उष्णता आणि आदळआपट यांपैकी काहीही त्याला सोसत नाही. साध्या पोत्यात साठवावयाच्या सोयाबीन बियाण्याचा ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे बीज प्रमाणीकरणाचे मानक आहे. ओलाव्याचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी कोरड्या काचेच्या बाटलीत तापवून कोरडे केलेले मूठभर मीठ व तिसरा हिस्सा भरेल इतके दाणे घालून हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही म्हणजे बियाणे निर्धोक, असे मात्र नाही. १५ आणि १२ यांमधील ओलावा मीठ दाखवीत नाही, त्यासाठी ओलावामापक यंत्रच हवे.

पोती काचेपासून व भिंतीपासून हात-दीड हात दूर, विटांवर ठेवलेल्या फळ्यांवर रचावीत. फळ्यांखाली पॉलिथिन अंथरावे. पोत्यांवरून पॉलिथिन कधीही लपेटू नये. थप्पी चार-पाच पोत्यांहून उंच करू नये. दारातून थेट ऊन येत असेल तर त्या जागी बियाणे ठेवूच नये, कारण दिवसा तापणे व रात्री निवणे यानेही दाण्यातील ओलावा पोत्याच्या एका अंगास जाऊन साचतो. बुरशीने काळवंडलेले धान्य जनावरांना घालून संपविण्याची सवय अनेक घरांत आहे. मका आणि भुईमूग यांच्या बाबतीत ती विशेष घातक आहे. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशीयुक्त मका खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते विष अफ्लाटॉक्सिन होते. ते शिजविल्याने नाहीसे होत नाही.

त्या मळ्यात दुसऱ्याच दिवशी पोती हलविण्यात आली. वरच्या थरांतील पोती उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरून वाळविली आणि आतल्या, पूर्वेकडील कोरड्या खोलीत फळ्यांवर रचली. खालच्या थरांतील पोती वेगळी खूण करून ठेवली. दोन्हींतून शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींनी गुंडाळले आणि गोणपाट आठवडाभर सावलीत ओलसर ठेवले. आठव्या दिवशी घरातील म्हातारीने स्वतः मोड मोजले. वरच्या थरातील शंभरांत एकोणऐंशी सशक्त मोड निघाले, खालच्या थरातील अठ्ठेचाळीस. प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण लागते. खालची पोती बियाण्यातून काढावी लागली, आणि त्यांतील बुरशी लागलेला माल विक्रीतूनही बाजूला ठेवावा लागला. घरधनी त्या दिवशी फारसे बोलला नाही. "दार काढायचं का मग?" एवढेच त्याने विचारले.

दार काढावे लागले नाही. बियाणे हलविल्यावर व झरोके पाडल्यावर पहाटेच्या फडक्यातून निघणारे पाणी चहाच्या कपाएवढ्यावर आले. भिंतीचा लोणा मात्र आहे तसाच आहे. जोत्याचे काम द्राक्षाची काढणी उरकल्यावर, चैत्रात धरावयाचे ठरले आहे. वरच्या थरातील पोत्यांची उगवण मे महिन्याच्या मध्यास पुन्हा मोजून, त्या आकड्यावरून एकरी बियाण्याचे प्रमाण ठरविले जाणार आहे.